मोरीतून पुराचं पाणी वर येतंय? दरवर्षीच्या पुरात घर सांभाळायची आमची रीत

गल्ली अजून कोरडी आहे. उंबऱ्याबाहेर वाळूच्या पोत्यांची दुहेरी रांग लावून झाली आहे. आणि मागं न्हाणीत घोटाभर काळं पाणी साचलंय.

आमच्या भागात नव्यानं राहायला आलेल्या प्रत्येक भाडेकरूची पहिल्या पावसाळ्यात हीच तक्रार असते. "वहिनी, दार तर बंद आहे, मग पाणी आलं कुठनं?" लग्न होऊन या घरात आले तेव्हा मीही हेच विचारलं होतं. आमचं घर कोल्हापुरात शाहूपुरीच्या बाजूला, जयंती नाल्यापासून दोन गल्ल्या आत. नदी इथून दिसतही नाही. पण पंचगंगा फुगली की नाल्याचं पाणी पुढं जायचं थांबतं, मागं सरकतं, नाल्याला मिळणाऱ्या गटारींत शिरतं, गटारीतनं चेंबरमध्ये आणि चेंबरमधनं आपल्या न्हाणीत, संडासात. आपण सगळे डोळे दाराकडं लावून बसलेलो असतो आणि पाणी मागच्या अंगानं, खालून घरात आलेलं असतं.

दरवर्षी जुलैत हेच प्रश्न येतात, तेव्हा घरात आम्ही काय काय करतो ते एकदा सविस्तर लिहून ठेवते. महापुराची गोष्ट वेगळी, तिच्याबद्दल पुढं लिहिलंय. पण जे पाणी उंबऱ्याच्या खाली-वर घुटमळून परत जातं, त्या पाण्यात घराची नासाडी टाळणं बरंच आपल्या हातात आहे.

आधी आपल्या घराचा आकडा काढा

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्यांचं पाणी प्रयाग चिखलीजवळ एकत्र येऊन पंचगंगा होते. पाऊस पडतो घाटमाथ्याला, राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडीच्या बाजूला. आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी नदी वाढू शकते ती त्यामुळं. खाली नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते, आणि कृष्णेलाच पूर असेल तर आपलं पाणी लवकर निघत नाही. म्हणून इथला पूर चढतो झपाट्यानं आणि उतरतो दिवसेंदिवस.

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी पावसाळ्यात तासातासाला सगळ्यांच्या मोबाईलवर फिरते. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. इशारा पातळी तर नदी जवळपास दरवर्षीच ओलांडते. हे आकडे पाठ असलेली माणसं गल्लोगल्ली भेटतील, पण "तुमच्या उंबऱ्याला पाणी किती फुटाला लागतं?" असं विचारलं की बहुतेक जण गप्प होतात. ३९ आणि ४३ हे नदीचे आकडे झाले. आपल्या घराचा आकडा वेगळा, आणि तो आपणच काढायचा असतो.

आमच्या मामंजींनी जिन्याखालच्या भिंतीवर पेन्सिलीनं रेघा मारून ठेवल्यात. प्रत्येक रेघेशेजारी तारीख, वेळ आणि त्या घडीला बंधाऱ्यावर असलेली पातळी. त्या रेघांवरून आमचा हिशेब असा बसला: ४४ फूट ९ इंचाला न्हाणीच्या जाळीतून बुडबुडे येतात. ४५ फूट ३ इंचाला न्हाणीची फरशी बुडायला लागते, कारण न्हाणी मागं, दोन-तीन पायऱ्या खाली आहे. ४५ फूट ८ इंचाला गल्लीत पाणी दिसतं. ४७ फुटाला उंबरा. हे चार आकडे आम्ही फ्रीजच्या दारावर चिकटवलेत, घरातली पोरंसुद्धा ते सांगतील.

तुमच्याकडं रेघ नसेल तर गवंड्याकडची लेव्हलची पारदर्शक नळी आणा. शेजारच्या एखाद्या भिंतीवर जुन्या पुराची खूण असते आणि त्या दिवशी पातळी किती होती ते गल्लीत कुणाला तरी माहीत असतं. नळीत पाणी भरून ती खूण आपल्या भिंतीवर आणायची आणि तिथून उंबऱ्यापर्यंत टेपनं मोजायचं. अर्ध्या तासाचं काम. उंबरा, न्हाणीची फरशी, संडासाचं भांडं, मीटरची पेटी, मोटर, खालचे सॉकेट, या सगळ्यांचे आकडे एकाच वेळी काढून घ्या.

एक सांभाळा. बंधारा आणि तुमचं घर यांत अंतर आहे, त्यामुळं हा हिशेब चार-सहा इंचांनी मागंपुढं होतो. शहरातच जोराचा पाऊस असेल तर नाल्याचं स्वतःचं पाणी त्यात भर घालतं आणि बुडबुडे आमच्या आकड्याच्या आधीच सुरू होतात. म्हणून आकड्याच्या फूटभर आधी कामाला लागायचं.

आणखी एक आकडा बघायचा तो भोगावतीवरच्या राधानगरी धरणाचा. तिथले सात दरवाजे स्वयंचलित आहेत, धरण भरलं की आपोआप उघडतात. एका दरवाज्यातून १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला १४२८ घनफूट पाणी येतं. पाच-सहा दरवाजे उघडल्याची बातमी आली की आमच्याकडं वर न्यायच्या सामानाची सुरुवात होते, मग बंधाऱ्याची पातळी त्या वेळी काहीही असो.

न्हाणीतून आणि संडासातून पाणी वर येतं

यामागचं कारण साधं आहे. नळीच्या एका तोंडाला जितकं पाणी चढतं तितकंच दुसऱ्या तोंडाला चढतं. बाहेरची पातळी तुमच्या न्हाणीच्या फरशीच्या वर गेली की पाणी आत येणारच, पुढच्या दारात कितीही पोती रचा.

कायमचा उपाय म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. तो घरातल्या प्रत्येक मोरीला बसवत बसू नका. घराची सगळी लाईन जिथून बाहेरच्या गटारीला जाते, त्या शेवटच्या चेंबरमध्ये एकच बसवा. आत एक झडप असते. पाणी बाहेर जाताना उघडते, उलटं यायला लागलं की मिटते. प्लंबरला दोन गोष्टी ठणकावून सांगा. झडपेवरचं झाकण उघडता आलं पाहिजे आणि व्हॉल्व्ह फरशीखाली गाडायचा नाही. कारण ही झडप बिघडते ती कचऱ्यानं. केसांचा गुंता, फडक्याचा तुकडा, शाम्पूची पुडी अशी एखादी वस्तू झडपेच्या कडेला अडकली की ती बोटभर उघडी राहते, आणि बोटभर फट रात्रभरात न्हाणी भरायला पुरते. आमच्याकडं मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी झाकण उघडून झडप हातानं हलवून बघतात. रबर कडक झालेलं असेल तर बदलतात.

व्हॉल्व्ह नसेल तर मोरी बांधायची. जाळी काढायची, भोकात ओल्या गोणपाटाचा घट्ट बोळा, त्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबचं रबर आणि त्यावर वजन. वजन किती, हे लोक अंदाजानं ठेवतात म्हणून सांगते. चार इंची भोकावर दोन फूट पाण्याचा जोर साधारण पाच किलोचा असतो. आमच्या आत्याबाईंचा पाटा दहा-बारा किलोचा आहे, तो मोरीवर ठेवला की दोन फुटांना हलत नाही. वाटणासाठी आता मिक्सर आहे, पण पाटा टाकून द्यायला कुणी तयार नाही तो ह्यामुळंच. संडासाच्या भांड्यात मात्र पाटा बसत नाही. तिथं जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत वाळू भरून, ती फडक्यात बांधून आत दाबून बसवायची. भांड्याचं तोंड मोठं, म्हणजे जोरही जास्त, तेव्हा दोन पिशव्या लागतात.

ज्यांना वजन ठेवणं जमत नाही त्यांनी मोरीच्या भोकात तीन फूट उंचीचा पाईप उभा बसवावा, खाली रबराचं वायसर लावून. पाणी पाईपात बाहेरच्या पातळीइतकं चढतं आणि तिथंच थांबतं, फरशीवर येत नाही. शिवाय बाहेर पाणी किती चढलंय ते घरात बसून कळतं. मला ही युक्ती पाट्यापेक्षा आवडते.

आता एक अनुभव, कारण ही चूक अनेक घरांत होते. २०२४ च्या जुलैत नदी ४७ फुटांच्या वर गेली. आमचा व्हॉल्व्ह नवा, मे महिन्यात तपासलेला, उंबऱ्याला पोती लावलेली. तरी पहाटे चारला न्हाणीत वीतभर पाणी. दीर म्हणाले, व्हॉल्व्ह गेला. प्लंबर मामांना फोन करायला निघाले. मी बॅटरी घेऊन खाली वाकले तर पाणी गढूळ नव्हतं. पांढरट होतं, वर फेस होता, आणि वास साबणाचा येत होता. बाहेरच्या गटारीच्या पाण्याला असा वास कधी येत नाही. वर जाऊन बघितलं तर जाऊबाईंनी रात्री दोन बादल्या कपडे भिजवले होते आणि सगळ्यांच्या आंघोळी वरच झाल्या होत्या. व्हॉल्व्ह मिटलेला होता, म्हणजे तो आपलं काम चोख करत होता. पण झडप मिटली की घराचंही पाणी बाहेर जात नाही. वरच्या मजल्यावर ओतलेला प्रत्येक तांब्या खाली येऊन सगळ्यात खालच्या मोरीतून वर निघतो.

तेव्हापासून नियम केला. बुडबुड्याचा आकडा आला की घरभर सांडपाणी बंद. आंघोळी नाहीत, धुणं नाही, भांडी पुसून ठेवायची, लघवी-संडासाला प्लॅस्टिकच्या बादलीत राख नाहीतर भुसा. अपार्टमेंटमध्ये तर हे फार महत्त्वाचं आहे. तळमजल्यावरच्या म्हाताऱ्या जोडप्याच्या घरात चार मजल्यांचं पाणी भरतं आणि सगळे पुराला बोल लावतात. सोसायटीच्या ग्रुपवर एक ओळ टाका, वर जाऊन प्रत्यक्ष सांगा. आणि खाली आलेलं पाणी काळं की फेसाळ, हे आधी बघा. काळं, कुजका वास असलेलं असेल तर झडप किंवा बोळा सुटलाय. फेसाळ असेल तर घरातच कुणीतरी नळ सोडलाय.

पोती लावली तरी दारातून झिरपतं

पोती गच्च भरली की दगडासारखी होतात आणि दोन पोत्यांमधून पाणी सुखानं जातं. दोन तृतीयांश भरा, तोंड दुमडून खाली दाबा, विटांसारखी सांधे चुकवून रचा आणि प्रत्येक थर पायानं तुडवा. पोत्यांच्या बाहेरच्या बाजूनं, म्हणजे पाण्याकडच्या बाजूनं, प्लॅस्टिकचा कागद लावा आणि त्याची कड खालच्या थराखाली घ्या. कागद आतल्या बाजूनं लावलेला मी पुष्कळ घरांत बघितलाय. पाणी त्याला ढकलून सुटं करतं आणि सगळी मेहनत वाया जाते.

पोत्यांपेक्षा फळ्या बऱ्या. चौकटीच्या दोन्ही अंगांना लोखंडी खाच कायमची बसवून घेतली की वेळेला दोन फळ्या सरकवायला पाच मिनिटं लागतात. फळी आणि खाच यांच्या फटीत आम्ही शाडू लिंपतो. कुंभार गल्ली जवळ असल्याचा हा फायदा. पूर आणि गणपतीची तयारी दरवर्षी एकाच वेळी येते. पाणी वाढायला लागलं की कुंभार गल्लीतली माणसं अर्धवट रंगवलेल्या मूर्ती पोटाशी धरून एकेक करून वर नेतात. सोंड ओली असते, डोळे अजून काढलेले नसतात. सहा महिन्यांचं काम आणि वर्षाचं पोट त्या मूर्तींत असतं. आमच्या घरातले पुरुष आपलं सामान वर झालं की तिकडं हातभार लावायला जातात आणि येताना शाडूचा गोळा घेऊन येतात.

आता फार महत्त्वाचं. पाणी किती उंचीपर्यंत अडवायचं? दहा फूट लांबीच्या भिंतीवर एक फूट पाण्याचा एकूण रेटा होतो सुमारे १४० किलो. दोन फुटाला तो ५७० किलोच्या आसपास जातो आणि तीन फुटाला पावणेतेराशे किलोच्या घरात. उंची दुप्पट झाली की एकूण रेटा चौपट होतो. आपल्या विटांच्या भिंती वरून येणारं वजन पेलायला बांधलेल्या असतात, आडव्या रेट्यासाठी नाही. म्हणून आमच्याकडं ठरलंय की दोन फुटांपर्यंत अडवायचं. त्याच्या वर चाललंय असं दिसलं की फळ्या काढून पाणी आत घ्यायचं. आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं झालं की भिंतीवरचा रेटा संपतो. फरशी घाण होईल, पण भिंत उभी राहील. हे करताना फार जिवावर येतं, रात्रभर ज्याच्याशी झगडलो त्यालाच दार उघडायचं. पण उघडायचं.

तळघर असलेल्या दुकानदारांना आणि सोसायट्यांना हाच धडा पूर ओसरताना लागू होतो. पाणी रस्त्यावरून गेलं की लगेच मोठे पंप लावून एका दिवसात तळघर रिकामं करायची घाई होते. पण भोवतालची जमीन अजून पाण्यानं भरलेली असते आणि तिचा रेटा भिंतींवर येतो. आतला आधार एकदम काढला तर भिंत आत येते, फरशी उचलते. दोन-तीन दिवसांत टप्प्याटप्प्यानं उपसा आणि दर टप्प्याला पातळी पुन्हा वर येते का बघा. येत असेल तर थांबा.

जमिनीतली टाकी उचलली, गच्चीवरची टाकी वाहून गेली

दोन्हींचं कारण एकच, टाक्या रिकाम्या होत्या. रिकामी टाकी पाण्यात होडीसारखी वर येते. पूर येणार असं दिसलं की दोन्ही टाक्या काठोकाठ भरा, जमिनीतल्या टाकीचं झाकण रबर लावून आवळा. ह्यात दुहेरी फायदा आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी उपसा केंद्रंच पुरात गेली आणि शहराला नळाचं पाणी कित्येक दिवस नव्हतं. चोहीकडं पाणी आणि प्यायला घोट नाही, अशी गत झाली होती. वरची भरलेली टाकी काटकसरीनं आठवडाभर पुरते.

गॅसचा सिलिंडरही तरंगतो. रेग्युलेटर काढून, टोपी लावून तो वर न्या, नाही जमलं तर खिडकीच्या गजाला उभा बांधा.

मेन स्विच बंद केला तरी झटका बसतो

हे वाचून कुणी हसण्यावारी नेऊ नका. मेन बंद असतो, खांबावरची लाईटही गेलेली असते, आणि माणूस निर्धास्त होऊन पाण्यात उतरतो. घरातला इन्व्हर्टर मात्र चालू असतो आणि तो तळमजल्याच्या बोर्डांना वीज देत राहतो. पाणी सॉकेटला लागलं की संपलं. इन्व्हर्टर वेगळा बंद करा, बॅटरीची वायर सोडा आणि बॅटरी वर न्या. शेजारच्या घराचा जनरेटर, गच्चीवरचं सोलर, ह्यांचीही तीच गोष्ट.

वायरिंग नव्यानं करणार असाल तर तळमजल्याची आणि वरची लाईन वेगळी करून घ्या, दोन्हींना वेगळे एमसीबी, आणि त्यांच्या आधी आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की लाईन तोडणारा स्विच. तळमजल्याचे सॉकेट छातीच्या उंचीला घ्या, वायर वरून खाली उतरू द्या. खोलीची शोभा थोडी जाते. आमच्या खालच्या खोलीत टीव्हीचा सॉकेट साडेचार फुटांवर आहे, पाहुणे विचारतात, आम्ही सांगतो.

पूर उतरल्यावर ओले बोर्ड वायरमनला उघडून, पुसून, वाळवून दाखवल्याशिवाय मेन चालू करायचा नाही. मोटरचंही तसंच. सबमर्सिबल खाली बुडालेलीच असते, तिला काही होत नाही, पण तिचा स्टार्टर भिजलेला असतो. जमिनीवर बसवलेली मोनोब्लॉक मोटर भिजली असेल तर ती वाळवल्याशिवाय चालू केली की वाइंडिंग जळतं. चार बोल्ट सोडून ती आधीच वर नेणं दहा मिनिटांचं काम आहे.

अडवायचं कधी सोडायचं

२०१९ ला पंचगंगा ५५ फुटांच्या पुढं गेली, २०२१ ला ५६ च्या पुढं. आमच्या उंबऱ्यावर आठ-नऊ फूट पाणी, म्हणजे तळमजला छतापर्यंत. तिथं ना पोतं चालतं ना व्हॉल्व्ह. पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला होता, पेट्रोल नव्हतं, दूध नव्हतं. त्या दोन पुरांनंतर आम्ही ठरवलं की घरातल्या लहान पोरांनी, म्हाताऱ्या माणसांनी आणि आजारी माणसानं गल्लीत पाणी यायच्या आधी पाहुण्यांकडं जायचं. उरलेल्यांनी, पाणी उंबऱ्याच्या बरंच वर जाणार असं दिसायला लागलं की. वरच्या मजल्यावर बसून राहू, असं म्हणणं सोपं असतं. औषध संपलं किंवा रात्री छातीत दुखायला लागलं तर होडीची वाट बघावी लागते. २०१९ च्या ८ ऑगस्टला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसांनी खच्चून भरलेली बोट उलटली आणि किती घरं उघडी पडली, ते आपल्याकडं कुणी विसरलेलं नाही. कोरड्या रस्त्यानं जाता येतं तेव्हाच जायचं.

गावाकडं जनावरं असणाऱ्यांनी तर ह्याहून आधी निघावं. म्हैस पाण्यातून न्यायला माणसाला जमत नाही, आणि जनावर मागं ठेवून माणूस निघत नाही. चिखली, आंबेवाडीची माणसं जनावरांसकट वर येतात ती ह्याच शहाणपणानं. अगदीच वेळ आली तर दावं सोडा, बांधून ठेवू नका.

वर न्यायच्या सामानाचा क्रमही ठरवून ठेवा. आमच्याकडं पहिल्यांदा कागदपत्रांचा आणि औषधांचा डबा, मग धान्य, मग इन्व्हर्टर-मोटर, मग अंथरूण, शेवटी टीव्ही-फ्रीज. धान्याचं पोतं भिजलं की फुगून, कुजून आठवडाभर घरात राहवत नाही असा वास सुटतो, म्हणून ते टीव्हीच्या आधी.

फर्निचरबद्दल एवढंच की तळमजल्यावर प्लायवूड घेऊ नका. एका पुरात फुगतं. कडप्प्याचे कप्पे, लोखंडी घडवंची, नायलॉनची कॉट, हे धुऊन परत वापरता येतं. आणि नवीन जागा घेणार असाल तर निळी आणि लाल पूररेषा बघूनच घ्या. निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. एजंट म्हणेल, इथं कधी पाणी येत नाही. शेजारच्या घरातल्या आज्जींना विचारा.

पाणी गेलं, आता घर नीट कसं करायचं

पहिला हात झाडूला लावायचा नाही, मोबाईलला लावायचा. प्रत्येक खोलीचे, भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेचे, खराब झालेल्या वस्तूंचे फोटो काढा. पंचनाम्याला तलाठी येईपर्यंत घर घाण ठेवणं शक्य नसतं, फोटो मात्र राहतात.

गाळ काढायची वेळ एकच, पाणी उतरत असतानाच. घोटाभर पाणी उरलेलं असतं तेव्हा खराट्यानं ते ढवळत राहायचं आणि उतरत्या पाण्याबरोबर गाळ बाहेर ढकलत न्यायचा. आमच्याकडं दोघं खराटा घेऊन उभे राहतात, अगदी रात्र असली तरी. एकदा तो सुकला की सिमेंटसारखा बसतो, फावड्यानं खरवडावा लागतो आणि फरशीच्या सांध्यांतून निघत नाही. गमबूट घाला. अडगळीत हात घालायच्या आधी काठीनं हलवून बघा, साप कोरडी जागा शोधत तिथंच येऊन बसलेले असतात. पायाला जखम असेल आणि पुराच्या पाण्यात उतरणं झालं असेल, आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, तर डॉक्टरांना पुराच्या पाण्यात होतो हे आपणहून सांगा. लेप्टोचा, म्हणजे घाण पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाचा, संशय त्यांना वेळेवर यायला हवा.

मातीच्या भिंतींचं घर असेल तर पाणी उतरल्यावर लगेच आत झोपायला जाऊ नका. पुरात उभं राहिलेलं घर ऊन पडल्यावर ढासळतं. भिजलेली माती बाहेरून वाळते, आतून ओली राहते, भेगा पडतात आणि भिंत बसते. भेगांवर तारखेसह खूण करा, रुंदावते का बघा, आणि जाणत्या गवंड्याला दाखवा.

विहीर, बोअर, टाकी यांचं पाणी तसंच वापरायचं नाही. टाकी पुरात बुडाली असेल तर पूर्ण उपसून, घासून, पुन्हा भरून घ्यायची. विहीर उपसून पाणी निवळू द्यायचं, मग ब्लीचिंग पावडर. स्वच्छ पाण्याला हजार लिटरमागं चांगल्या प्रतीची अडीच ग्रॅम पावडर पुरते, पुरानंतर त्याहून जास्त लागते. ग्रामपंचायतीत किंवा आरोग्य केंद्रात ओटी टेस्ट करून क्लोरीन उरतंय का ते बघा. गढूळ पाण्यात नुसती पावडर टाकून उपयोग नाही, मातीच क्लोरीन खाऊन टाकते. आधी तुरटी फिरवा, गाळ बसू द्या. आणि प्यायचं पाणी काही आठवडे उकळूनच.

शेवटची तक्रार, जी सगळ्यात जास्त येते: पूर गेल्यावर रंग दिला आणि दोन महिन्यांत पापुद्रे सुटले, पांढरा लोणा फुटला. रंग लवकर दिला म्हणून. भिजलेली वीट महिनोन् महिने पाणी सोडत असते. ते बाहेर येताना क्षार घेऊन येतं, आणि वर ऑइलपेंटचा किंवा पीओपीचा थर असला की त्यालाच फाडून बाहेर पडतं. फुगलेला गिलावा खरवडून भिंत उघडी ठेवा, खिडक्या उघड्या ठेवा, लोणा कोरड्या ब्रशनं झाडत राहा, पाण्यानं धुऊ नका. वीतभर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी भिंतीला चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आतून दव दिसलं तर भिंत अजून ओली आहे. लोक गणपतीला रंग द्यायला निघतात, दिवाळीलाही भिंत तयार नसते. आम्ही उन्हाळ्यात देतो, आणि तळमजल्याला चुन्याचाच देतो, कारण चुना भिंतीला श्वास घेऊ देतो आणि दरवर्षी हात मारायला परवडतो.

जिन्याखालचा हातभर तुकडा मात्र रंगातून सोडायचा असतो. रंगाऱ्याला ते आधीच सांगावं लागतं, नाहीतर तो पेन्सिलीच्या रेघा घासून काढायला बसतो. २०२४ ची रेघ मी मारली आहे, उंबऱ्याच्या चार बोटं वर.